डी लिहायलाच हवा का?

नोव्हेंबर आला की आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो: विषय पुन्हा करून ग्रेड सुधारली, तर जुनी दाखवायची का? परवा फ्रीमॉन्टहून मायलेक आले, तेही हेच घेऊन. मुलगा नववीपर्यंत पुण्यात होता. इथे दहावीला वर्ल्ड हिस्टरीत निबंधांवर निबंध, पहिल्या सेमिस्टरला डी, म्हणजे ए ते एफमधली जवळजवळ तळाची ग्रेड. उन्हाळ्यात पुन्हा केला, बी मिळाला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसीच्या) अर्जात आईने फक्त बी भरला होता.

"मॅडम, आमच्या इंजिनिअरिंगला एटीकेटी सुटली की विषय संपला. परत कोण विचारतंय?"

गोम अशी की यूसी अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची अधिकृत गुणपत्रिका, मागतच नाही. नववीपासूनचे सगळे विषय आणि ग्रेड मुलांनीच भरायच्या. त्यामुळे खपून जाईल असं वाटतं. पण प्रवेश मिळतो तो सशर्त. शेवटची ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवावी लागते आणि मग अर्जाशी ताडून पाहतात. जुळलं नाही तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तोवर बाकीच्या कॉलेजांना नकार कळवून झालेला असतो.

बरं, ज्या डीसाठी एवढा जीव टांगणीला, तो यूसीच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरलाही जात नाही! डी किंवा एफ आलेला विषय पुन्हा करून सी किंवा वरची ग्रेड मिळवली, तर नवी ग्रेड धरतात. (सी असलेला पुन्हा केला तर नाही, तिथेही बरेच जण फसतात.) फक्त दोन्ही लिहायच्या.

"मी सांगत होतो हिला," मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला. पण नववीचं पान त्याने स्वतः भरलं होतं, आणि तिथे गणितातल्या ७८ चा थेट ए झालेला.

"७८ म्हणजे डिस्टिंक्शन ना!" आईने बाजू घेतली.

परदेशातले गुण गुणपत्रिकेवर असतील तसेच भरायचे, इथल्या ग्रेडमध्ये बदलायचे नाहीत, असं यूसी स्पष्ट सांगते. आईने पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि नववीचं प्रगतिपुस्तक उघडून एकेक आकडा वाचायला लागली. मराठीपाशी थांबली.

"एकसष्ट? मला तर अडुसष्ट सांगितले होतेस!"

सही बाबांची होती.