‘यू लाइड’ लिहून बसलात, आता पुढे काय

म्हणजे झालंय असं की इंग्लंडच्या सप्लायरने पार्ट १२ तारखेला निघाला म्हणून कळवलं, प्रत्यक्षात कुरिअरच्या पावतीवर १९ तारीख निघाली, तुम्ही सरळ ‘यू लाइड अबाउट द डिस्पॅच डेट’ असं ठोकून दिलंत आणि तेव्हापासून समोरचा माणूस एका ओळीची कोरडी उत्तरं देतोय. वर तुम्ही विचारताय की खोटं ते खोटंच ना, मग इंग्रजीत एवढे शब्द कशाला.

अहो, घोळ तिथेच आहे. आपलं ‘खोटं’ बरेचदा वस्तूकडे बघतं. नाणं खोटं, दात खोटे, सही खोटी, दागिना खोटा, बातमी खोटी. इंग्रजीत नाणं काउंटरफिट, दात फॉल्स, सही फोर्ज्ड, दागिना इमिटेशन, बातमी फेक. आणि ‘लाय’ तर वस्तूकडे बघतच नाही, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं तिथे बघतं. म्हणजे त्याला माहीत होतं की हे खरं नाही, तरी तुम्हाला फसवायला बोलला, तर ती लाय. माहीत नसताना चुकीचं बोलला तर विधान फॉल्स असेल पण लाय नाही. आपण मित्राला ‘चल, खोटं बोलतोस!’ म्हणतो ते निम्म्या वेळा कौतुकानेच म्हणतो, पण ऑफिसच्या मेलमधे ‘यू लाइड’ म्हणजे थेट कॉलर धरणं. ब्रिटिश पार्लमेंटमधे एका खासदाराने दुसऱ्याला लायर म्हटलं तर स्पीकर शब्द मागे घ्यायला लावतात, इतका तो तिथे जड आहे.

त्यावरून आठवलं, चर्चिल १९०६ मधे तिथेच ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ म्हणजे शब्द काटेकोर न वापरणं, असं म्हणाला होता. लोक सांगतात की लाय म्हणता येत नाही म्हणून त्याने हा शब्द काढला. तसं नाहीये. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींवरच्या चिनी मजुरांच्या कराराला गुलामगिरी म्हणणं शब्दाला धरून होणार नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ‘लाय’चं सभ्य सोंग म्हणून लोकांनी तो नंतर वापरला.

चुकीच्या बाजूचे शब्द मला जास्त आवडतात. ‘एरर’ लॅटिनमधल्या भटकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. आणि आपल्याकडे? भ्रम आणि भ्रमण एकाच धातूचे, चूक म्हटलं की वाट चुकणं आलंच, रात्री शेतातून येताना चकवा लागतो तोही त्यातलाच. दोन्हीकडच्या लोकांना चूक म्हणजे वाट सोडून जाणं वाटलं, मजा आहे ना. ‘मिस्टेक’ म्हणजे मुळात चुकीचं उचलणं, एक समजून दुसरंच घेणं. भाषा शिकवणारे लोक कॉर्डर नावाच्या भाषातज्ज्ञाच्या १९६७ च्या लेखापासून यात आणखी फरक करतात, नियमच माहीत नाही म्हणून होते ती एरर, माहीत असून घाईत घसरते ती मिस्टेक. रोजच्या मेलमधे एवढं कोणी बघत नाही, पण कॉम्प्युटरची असते ती एरर आणि माणूस कबूल करतो ती मिस्टेक एवढं कान सांगतोच.

आता सगळ्यात निसरडा शब्द, ‘मिसलीड’. दिशाभूल. यात एकही शब्द खोटा नसला तरी चालतो. १९८६ मधे एका माजी गुप्तहेराचं पुस्तक थांबवायला ब्रिटिश सरकार सिडनीच्या कोर्टात गेलं होतं, तिथे त्यांचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग एका पत्राबद्दल म्हणाले की त्यातून दिशाभूल होते, पण ती लाय नव्हे, सत्याची जरा काटकसर केली इतकंच. लोक हसले, पण आपल्याला यात नवीन काय, नरो वा कुंजरो वा दुसरं काय होतं? अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, हत्ती का होईना. आणि तरी धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. महाभारताने मिसलीडला सूट दिली नाही.

मी बावीस वर्षं नोटिसा आणि करारांची भाषांतरं करतोय आणि सुरुवातीलाच एकदा तोंडावर आपटलोय. एका फ्लॅटवाल्याने बिल्डरला पत्र लिहिलं होतं, ‘तुम्ही आमची फसवणूक केलीत’, मी बिनधास्त ‘फ्रॉड’ लिहिलं. बिल्डरच्या वकिलाचं असं काही उत्तर आलं की बिचाऱ्याला घाम फुटला, अब्रूनुकसानीची भाषा वगैरे, आणि शेवटी निघालं काय तर टायपिस्टने ५६० च्या जागी ६५० मारलं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा आपला १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट नीट वाचला. कलम १७ फ्रॉड, म्हणजे ज्यावर स्वतःचाच विश्वास नाही ते फसवण्यासाठी खरं म्हणून सांगणं, मुद्दाम लपवणं, पाळायचंच नाही असं वचन देणं. कलम १८ मिसरिप्रेझेंटेशन, त्यात स्वतःला खरं वाटत असतं पण तसं ठासून सांगायला आधार नसतो. कलम २० मिस्टेक, दोघंही महत्त्वाच्या मुद्द्यावर चुकलेले. विधान तिन्हीकडे चुकीचंच, कलम बदलतं ते कोणाला काय माहीत होतं त्यावर.

बाकी ब्लफ, होक्स, फिब हे तुम्हाला कामात लागणार नाहीत. फिब म्हणजे आपली लोणकढी थाप, ताज्या कढवलेल्या तुपासारखी, निरुपद्रवी.

तर तुमचं प्रकरण. तुमच्याकडे पुरावा कशाचा आहे? तारीख जुळत नाही एवढ्याचाच. त्याने मुद्दाम केलं याचा नाही, कदाचित गोडाऊनवाल्याने त्याला १२ सांगितलं असेल. म्हणून ‘इनकरेक्ट’ लिहा, तो शब्द तारखेला चिकटतो, माणसाला नाही. साधारण असं: ‘द डिस्पॅच डेट इन युअर मेल अपिअर्स टु बी इनकरेक्ट, द कुरिअर स्लिप सेज नाइन्टीन्थ, कुड यू प्लीज चेक?’ आणि आधीच्या मेलबद्दल ‘माय वर्डिंग वॉज राँग’ एवढी एक ओळ घाला, लांबलचक माफी नको. फक्त ‘यू आर मिस्टेकन’च्या जागी घाईत ‘यू आर अ मिस्टेक’ जाऊ देऊ नका, मी ते एका मेलमधे गेलेलं बघितलंय.

पावतीचा फोटो मात्र जोडा. आणि त्यांच्या इनव्हॉइसच्या खाली ई. अँड ओ. ई., म्हणजे ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’, छापलंय का बघा, बहुतेक असेल. ती त्यांची चूकभूल द्यावी घ्यावी.