पॅकेज राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

वाकडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 38, नोकरी खासगी कंपनीत, पगार घरात एकट्याचाच, दोन मुलं शाळेत, घरखर्च महिन्याला 65 हजार. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी साडेसोळा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली. साडेसहा लाखांच्या एफडीतले 5 लाख सुरुवातीला भरले, उरलेल्या साडेअकरा लाखांचं 9 टक्क्यांनी 7 वर्षांचं कर्ज काढलं, हप्ता साडेअठरा हजार. आता शोरूम मागे लागलं आहे की, 5 वर्षांची देखभाल आणि वाढीव वॉरंटी मिळून 62 हजारांचं पॅकेज घ्या. ते लिहितात, 'सोसायटीत चार्जिंगची परवानगी अजून मिळालेली नाही, त्यामुळे बाहेरच्या फास्ट चार्जरवर 23 रुपये युनिटनं भरतो. टक्केवारी कधीकधी 18 वरून एकदम 9 वर येते, त्यामुळे बॅटरीची धास्ती वाटते. बोनसचे 70 हजार हातात आहेत. पॅकेज घेऊ का?'

शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता, आणखी एक गोष्ट आली आहे. 'पेट्रोलचे महिना 10 हजार वाचणार म्हणून बँकेतल्या मॅडमनी सुचवलेली गॅरंटीड परताव्याची पॉलिसी घेतली. वर्षाला 1 लाख 20 हजार, 10 वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर 20 लाख. पहिला हप्ता उरलेल्या एफडीतून भरला. कागदपत्रं ईमेलवर येऊन तीन आठवडे झाले.'

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पॅकेज आत्ता घेऊ नका. पण ते काम थांबू शकतं. त्या शेवटच्या दोन ओळींतलं काम थांबू शकत नाही.

पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून 30 दिवसांत, ईमेलवर आली असली तरी, ती नापसंत म्हणून परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे 21 दिवस गेले, 9 उरले. मुदतीत अर्ज केलात तर वैद्यकीय तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि इतक्या दिवसांच्या संरक्षणाची किरकोळ रक्कम कापून जवळपास सगळे पैसे परत मिळतात. मुदत उलटली की हीच पॉलिसी सोडताना भरलेल्या पैशातला मोठा भाग सोडून द्यावा लागतो.

अर्ज बँकेतल्या मॅडमकडे देऊ नका. त्या 'सर, वरच्यांशी बोलून बघते' म्हणतील आणि आठवडा निघून जाईल. विमा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पुण्यातल्या शाखेत छापील प्रत देऊन शिक्क्यानिशी पोच घ्या. अर्जात पॉलिसी क्रमांक, कागदपत्रं मिळाल्याची तारीख, 'फ्री लूक मुदतीत रद्द करत आहे' हे स्पष्ट वाक्य आणि कारण लिहा. सोबत रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्र जोडा. पुढच्या हप्त्यासाठी खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी दिली असेल, तर तीही बँकेत लेखी रद्द करा. मन वळवायला फोन येतील. फोनवर काहीही कबूल करू नका. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' हे तक्रारीचं पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल.

का परत करायची? '12 लाखांचे 20 लाख' ऐकायला गोड लागतं. पण पहिला हप्ता 15 वर्षं अडकतो आणि दहावा 6 वर्षं. हिशोब मांडला तर परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आतच येतो. हेच 1 लाख 20 हजार 10 वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि पुढची 5 वर्षं खातं चालू ठेवण्यापुरते किमान 500 रुपये भरत राहिलात, तर 7.1 टक्के दर टिकल्यास 25 लाखांच्या आसपास होतात. गॅरंटी शब्दाची किंमत तुम्ही 5 लाख मोजताय. शिवाय अशा पॉलिसीत संरक्षण साधारण हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे 12 लाख. तुमच्या घराला ते दीड वर्षही पुरणार नाही. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात, डोक्यावर नवं कर्ज असताना, असं उत्पादन पुढे करणं हे ग्राहकाचं हित बघणाऱ्याचं काम नाही.

याहून मोठी गफलत ही की, तो हप्ता तुम्ही अजून न वाचलेल्या पैशांतून भरणार आहात.

शोरूमच्या तक्त्यात महिना 1,500 किलोमीटर, पेट्रोल किलोमीटरला 8 रुपये आणि वीज 1 रुपया धरलेली असेल. त्याशिवाय 10 हजारांचा आकडा येत नाही. तुम्ही ऑफिसचं अंतर 18 किलोमीटर कळवलंय. जाऊन-येऊन 22 दिवसांचे 800, वर इकडचे तिकडचे 200, म्हणजे महिन्याला 1,000 किलोमीटर. जुनी गाडी लिटरला 15 देत होती. पेट्रोल 104-105 धरलं तर किलोमीटरला 7 रुपये, महिन्याला 7 हजार. तुमचा पेट्रोलचा सगळा खर्चच 7 हजार होता, त्यातून 10 हजार कसे वाचतील?

आता वीज. शहरात, एसी लावून, चार्जिंगमधली गळती धरून, एका युनिटला 6 किलोमीटर हा प्रामाणिक आकडा आहे. 1,000 किलोमीटरला 167 युनिट. 23 रुपयांनी 3,800. बचत 3,200. जुन्या गाडीचा विमा 12 हजारांत व्हायचा म्हणता. या गाडीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) भाग 3 वर्षांचा आधीच भरलेला असला, तरी पुढच्या वर्षी ओन डॅमेजचं (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) नूतनीकरण 30 हजारांच्या आसपास धरा. म्हणजे महिन्याला दीड हजार तिकडे गेले. सर्व्हिसिंगमध्ये थोडे वाचतील. हातात राहणारी बचत 2 हजारांच्या आसपास आणि पॉलिसीचा हप्ता महिना 10 हजार. वर्षाला जवळपास लाखाची तूट.

त्यात कर्जाच्या व्याजावर दरवर्षी 30 हजार कर वाचेल, असंही तुम्ही धरलंय. तो फायदा कलम 80ईईबीचा. 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जालाच तो लागू आहे. तुमचं कर्ज त्यात बसत नाही. ऑफिसला दिलेल्या गुंतवणुकीच्या घोषणेत ही वजावट लिहिली असेल, तर आजच दुरुस्त करा, नाहीतर विवरणपत्र भरताना कर व्याजासकट भरावा लागेल. एवढी वर्षं उलटूनही विक्रीच्या तक्त्यात ही ओळ छापली जाते, हे संतापजनक आहे.

म्हणून बचत खरीच हवी असेल, तर ती प्लग कुठे लावता यावर ठरते. बोनसचा पहिला हक्क पार्किंगमधल्या वायरचा आहे.

7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, तुम्हाला नको. त्याला 32 अँपिअरची लाइन, जाड केबल आणि बहुधा मंजूर भार वाढवणं लागतं. तुमचा रोजचा वापर 33 किलोमीटर, म्हणजे साडेपाच युनिट. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर 3 किलोवॉटच्या आसपास घेतो, त्याला हे दोन तासांचं काम. मीटर रूममधल्या स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन टाका: किमान 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड केबल (अंतर लांब असेल तर 6 ची), 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि 16 अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. घरातला पांढरा 15 अँपिअरचा सॉकेट तासन्तास पूर्ण भार ओढण्यासाठी नसतो. त्याच्या पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. अर्थिंग नीट नसेल, तर चार्जर लाल दिवा लावून थांबतो आणि लोक चार्जर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा.

सेक्रेटरी 'वार्षिक सभेत बघू' म्हणतात, तर अर्ज लेखी द्या. त्याला लाइनचा नकाशा, भाराचा हिशोब आणि परवानाधारक कंत्राटदाराचं पत्र जोडा. ऊर्जा मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. त्याची प्रतही लावा. सभासदांना भीती असते ती आगीची आणि सामायिक बिलाची. एमसीबी, आरसीसीबी आणि स्वतःचं मीटर कागदावर दिसलं की निम्मा विरोध मावळतो.

दराचं गणित मात्र आधी समजून घ्या. तुमचं घरचं बिल 280 युनिटचं आहे. गाडीचे 167 युनिट त्यावर बसले की जवळजवळ सगळे 301 ते 500 च्या टप्प्यात जातात. तिथे सगळे आकार धरून युनिटला 15 रुपयांच्या आसपास धरा आणि स्वतःच्या बिलावर ताडून पाहा. बिलातला सरासरी दर इथे धरायचा नाही. तरी महिन्याचा खर्च अडीच हजार होतो, म्हणजे आत्तापेक्षा 1,300 कमी. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळ्या वर्गाचं स्वतंत्र मीटर मागता येतं. स्थिर आकार धरून 10 रुपये युनिट पडलं, तर खर्च 1,700 वर येतो. उन्हाळ्यात घरचा एसी 500 च्या पुढे नेत असेल, तर हे मीटर घ्याच. लाइनचा खर्च अंतरावर अवलंबून, 35 हजार धरू. दीड ते सव्वादोन वर्षांत वसूल.

या वायरचा दुसरा फायदा तुमच्या धास्तीशी जोडलेला आहे. तुमच्या गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, बॅटरी आहे. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नेमकी किती शिल्लक आहे हे गाडीच्या यंत्रणेला पूर्ण भरल्यावरच नीट उमगतं. तुम्ही तीन महिने फक्त फास्ट चार्जरवर 20 ते 80 टक्के भरताय. अंदाज हळूहळू सरकतो आणि खाली आल्यावर एकदम दुरुस्त होतो, म्हणून 18 चे 9 होतात. हे बहुधा बॅटरी खराब झाल्याचं लक्षण नाही. मंद एसी चार्जरवर (घरच्या विजेसारख्या एसी प्रवाहावर चालणाऱ्या) गाडी 100 टक्के भरा आणि 100 दिसल्यावरही चार्जर आपोआप थांबेपर्यंत काढू नका. बॅटरीतले सगळे सेल सारखे भरायला तो वेळ लागतो. लाइन होईपर्यंत एखाद्या मॉलमधला एसी चार्जर चालेल. त्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतरानं हे करत राहा. दोन-तीनदा करूनही टक्केवारी उडी मारत असेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये लेखी तक्रार नोंदवा. अशा गाड्यांच्या बॅटरीला आणि मोटरला सहसा कंपनीचीच 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी असते, तुमच्या पुस्तिकेतही बघून घ्या. त्यासाठी 62 हजार द्यायची गरज नाही.

आता ते पॅकेज. या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही. वर्षाच्या सर्व्हिसमध्ये केबिन फिल्टर, कूलंटची पातळी, सस्पेन्शन, सॉफ्टवेअर आणि साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. 5 ते 6 हजारांत भागतं, 5 वर्षांचे 30 हजारांच्या आत. जे खरंच झिजतं, ते पॅकेजात सहसा नसतं: टायर, वायपर, 12 व्होल्टची छोटी बॅटरी. गाडी जड आणि ओढ तत्काळ, त्यामुळे टायर 35-40 हजार किलोमीटरमध्ये संपतात, चार टायर म्हणजे तेवढेच हजार रुपये. स्टिकरवरचा दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा आणि दर 10 हजार किलोमीटरला टायर फिरवून घ्या. छोटी बॅटरी 3 ते 5 वर्षं टिकते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बाहेरून डॅशकॅम किंवा दिवे जोडून वायर कापू नका, छोटी बॅटरीही उतरते आणि वॉरंटीवरही वाद होतो. कूलंट कमी दिसलं तर नळाचं पाणी घालू नका, कंपनीनं सांगितलेलंच कूलंट लागतं. रीजेनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडी रोखून बॅटरी भरते, त्यामुळे) ब्रेक पॅड खूप टिकतात, पण वापर कमी झाल्यानं पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा त्या साफ करून ग्रीस करायला सांगा. या सगळ्यासाठी महिन्याला दीड हजार वेगळे ठेवा.

पॅकेजातला विचार करण्याजोगा भाग एकच, वाढीव वॉरंटी. ऑनबोर्ड चार्जर (गाडीच्या आतला चार्जर), डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून छोटी बॅटरी भरणारा भाग) आणि मोठा स्क्रीन हे महागडे भाग 8 वर्षांच्या वॉरंटीत बसतात की साध्या 3 वर्षांच्या, हे पुस्तिकेत वाचा. साध्या वॉरंटीत असतील, तर फक्त वाढीव वॉरंटीची किंमत वेगळी मागा. ती सहसा मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेता येते. उशीर केल्यास थोडी महाग पडेल, पण तुमच्याकडे आज 30 हजारांची एफडी उरली आहे आणि घरखर्च व हप्ता मिळून महिना 83 हजार लागतात. त्या अवस्थेत चौथ्या वर्षातल्या स्क्रीनची काळजी आधी करायची नाही.

पैशांचा क्रम असा लावा. पॉलिसीचे परत आलेले 1 लाख 20 हजार जसेच्या तसे एफडीत. बोनसमधले 35 हजार वायरला. उरलेल्या 35 मधून 15 ते 20 हजार भरून 1 कोटीचा टर्म विमा घ्या; 38 व्या वर्षी, तंबाखूचं व्यसन नसेल तर साधारण एवढाच वार्षिक हप्ता बसतो. ऑफिसचा गट विमा नोकरीबरोबर जातो, त्यावर विसंबू नका. बाकीचे एफडीत. त्यानंतर एफडी 5 लाखांवर येईपर्यंत दुसरी कुठलीही गुंतवणूक सुरू करू नका आणि कर्जाची आगाऊ परतफेडही नको. 5 लाख जमल्यावर कर्जाच्या करारात मुदतीआधी फेडण्याचा दंड किती आहे ते बघा आणि तिथून पुढचा बोनस मुद्दलात भरा.