‘पेरिटोनियल डायलिसिस किफायतशीर आहे का?’ हा प्रश्न प्रबंधासाठी नीट कसा मांडावा?

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी तुम्ही वरचा प्रश्न घेतलात आणि गाईडनी ‘फार ढोबळ आहे’ म्हणून परत केला, असं लिहिलंय. गाईडचं बरोबर आहे. कशाच्या तुलनेत किफायतशीर, आणि कोणाच्या खिशाला? एवढं प्रश्नातच आलं पाहिजे.

आधी तुलना. पेरिटोनियल डायलिसिस म्हणजे पोटात द्रव सोडून आणि तो बदलून घरीच रक्त शुद्ध करणं; हिमोडायलिसिस म्हणजे केंद्रात जाऊन मशीनवर. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला, तो जिल्हा रुग्णालयातल्या हिमोडायलिसिसपासून. म्हणजे तुमचा तुलनेचा पर्याय तोच, पण प्रत्यक्षात जसा मिळतो तसा. पुस्तकात आठवड्याला तीन वेळा असतं, आपल्याकडे बऱ्याच जणांचं दोनदाच होतं. पुस्तकातलं धरलंत तर खर्चही चुकेल आणि फायदाही. थायलंडमध्ये २००८ साली पेरिटोनियलला प्राधान्य देणारं धोरण आलं. त्याआधीच्या तिथल्या अभ्यासात तिसरा पर्यायही मोजला होता: डायलिसिस न करता फक्त त्रास कमी करणारी शुश्रूषा. ज्या तालुक्यात केंद्रच नाही तिथल्या रुग्णासाठी खरी तुलना कदाचित हीच असते, म्हणून तुम्हीही तिचा विचार करा.

आता खिसा. माझ्या प्रबंधासाठी मी एका डायलिसिस युनिटमध्ये माहिती गोळा करत होते. फॉर्मवर फक्त रुग्णालयाच्या खर्चाचे रकाने होते. एक शेतकरी काका पहाटेच्या एसटीने बायकोला घेऊन यायचे, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. उपचार मोफत, म्हणून माझ्या फॉर्मवर त्यांचा खर्च शून्य. आणि इकडे दोघांची तिकिटं, बाहेरचं जेवण, दोघांचाही बुडलेला रोज, तेही आठवड्यातून दोनदा! काकू म्हणाल्या, “मोफत हाय, पण परवडत न्हाई.” मी प्रश्न बदलला, फॉर्म बदलला, एथिक्स कमिटीकडे पुन्हा गेले. दोन महिने गेले, पण त्याशिवाय तो अभ्यास खरा झालाच नसता.

पेरिटोनियलमध्ये हे उलटं होतं. प्रवास वाचतो, पण दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटरच्या पिशव्या बदलायच्या, घरात स्वच्छ कोपरा हवा, खोकी ठेवायला जागा हवी, पोटात संसर्ग झाला तर भरती. पिशव्यांचे पैसे सरकारने भरले तर सरकारच्या हिशेबात ते महाग वाटेल आणि कुटुंबाच्या हिशेबात स्वस्त. आकडे तेच, उत्तरं दोन. म्हणूनच दृष्टिकोन, म्हणजे कोणाचा खर्च मोजायचा, ते आधी लिहायचं; समाजाचा दृष्टिकोन म्हणजे सरकार आणि कुटुंब दोघांचाही खर्च धरायचा.

बाकीचं सोपं आहे: काळ आयुष्यभराचा धरा, पुढच्या वर्षांतला खर्च आणि फायदा दोन्ही दरवर्षी ३ टक्के दराने कमी करून आजच्या किमतीत आणा (याला डिस्काउंटिंग म्हणतात), फायदा क्वालीमध्ये मोजा, म्हणजे आयुष्याची वर्षं त्यांच्या गुणवत्तेसकट मोजा. ती गुणवत्ता रुग्णांना विचारायच्या ईक्यू-५डी-५एल या प्रश्नावलीसाठी भारतीय मूल्यसंच (उत्तरांना गुण देणारा तक्ता) आहे, परदेशी वापरू नका.

मी असा लिहीन: ‘केंद्रापासून ५० किमीपेक्षा दूर राहणाऱ्या, मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या प्रौढ रुग्णांसाठी, जिल्हा रुग्णालयातल्या आठवड्यातून दोनदा होणाऱ्या हिमोडायलिसिसच्या तुलनेत, घरच्या पेरिटोनियल डायलिसिसला समाजाच्या दृष्टिकोनातून, आयुष्यभरात, प्रत्येक जादा क्वालीमागे किती जादा खर्च येतो, की खर्च वाचतोच?’

यातले ५० किमी मी उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या जिल्ह्यातली केंद्रं नकाशावर मांडा, एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि मग तो आकडा ठरवा.