सगळे मिळते, तरी मन लागत नाही

"मॅडम, कंपनी इतकं देते, तरी सोमवारी सकाळी पाय उचलत नाही. मीच कृतघ्न आहे का?" कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या तिशीतल्या गृहस्थांचा हा प्रश्न मला नवा नव्हता. सांगलीत समुपदेशन करताना तो मी अनेकांकडून ऐकला आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना तासगावहून ने-आण करणारी बस होती, स्वस्त जेवण होते, दिवाळीची भेट होती आणि मेडिक्लेममध्ये आई-वडिलांचाही समावेश होता; त्यामुळे नोकरी बदलण्याचा विषय काढला की घरचे त्यांनाच वेड्यात काढत.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना पगाराची स्लिप आणायला सांगितली. भविष्यनिर्वाह निधीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हेही कंपनीच भरते." मूळ वेतन व महागाई भत्त्यावर कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचेही तितकेच, ही कायद्याने ठरलेली गोष्ट आहे, तिचे ओझे उपकार म्हणून वाहण्याचे कारण नाही, असे मी त्यांना सांगितले. बस आणि आई-वडिलांचा विमा मात्र कंपनी स्वखुशीने देत होती, आणि त्याबद्दल वाटणारी कृतज्ञता योग्यच होती. हक्क आणि भेट यांची अशी गल्लत झाली की माणूस तक्रार करण्याचा अधिकारच गमावल्यासारखा वागू लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

त्याच स्लिपवर खाली शिल्लक रजा 23 दिवस अशी नोंद होती. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी पाकिटातून चार घड्या घातलेला, घड्यांवर झिजून फाटू लागलेला कागद काढला. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लिहिलेला तो रजेचा अर्ज होता. मिरजेतील रुग्णालयाचे बिल विम्यातून भागले होते, पण "डिस्पॅचच्या दिवशीच वडील आठवतात का?" असे सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलल्यामुळे अर्ज खिशातच राहिला आणि वडिलांसोबत शेजारी गेले. त्यांना खुपत होते ते हेच. माझ्या मते एखाद्या कंपनीचे वातावरण ओळखायचे असेल, तर सुविधांच्या यादीपेक्षा त्या सुविधा मागताना माणसाचा आवाज किती खाली जातो, हे पाहावे.

नोकरी सोडा किंवा टिकवा, असे मी सांगितले नाही. तो निर्णय त्यांचाच होता. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये म्हणून काही गोष्टी मात्र समोर ठेवल्या. त्यांची साडेचार वर्षे झाली होती. सलग 5 वर्षे पूर्ण झाल्यावर दर वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते. भविष्यनिर्वाह निधीतील कामगाराचा ओळख क्रमांक, म्हणजे यूएएन, नव्या नोकरीतही तोच राहतो, परंतु कंपनीचा सामूहिक विमा सहसा नोकरीसोबत संपतो, म्हणून आई-वडिलांची सोय आधी पाहावी लागते.

त्यानंतर आम्ही एकाच वाक्याचा सराव केला: "मला या दोन दिवशी रजा हवी आहे, अर्ज लेखी दिला आहे." पहिल्या दोन वेळा ते "माफ करा" म्हणूनच सुरुवात करत होते.

ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेची छाटणी होती आणि वडिलांचा डोळा अजून नाजूक होता. त्यांनी आठ दिवस आधी अर्ज दिला, एक प्रत मनुष्यबळ विभागाकडे पाठवली. सुपरवायझरने तोंड वाकडे केले, पण रजा मंजूर झाली. नोकरीचे अजून ठरलेले नाही. पुढची भेट त्यांनी छाटणीनंतरची मागून घेतली आहे.