कच्च्या आणि उकडलेल्या अंड्यातली पोषकद्रव्यं मोजायचा प्रोजेक्ट घेतलाय, कसं करू?

तुम्ही लिहिलंय की प्रोटीन, फॅट, कॅल्शियम, व्हिटॅमिन सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये मोजायचंय आणि उकडल्यावर त्यातलं काय कमी होतं ते दाखवायचंय. मी कॉलेजला असताना जवळपास हाच प्रोजेक्ट केला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिटॅमिन यादीतून काढून टाका. त्याला एचपीएलसीसारखं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) महागडं मशीन लागतं, साध्या लॅबमध्ये जे आकडे येतील त्यांना काही अर्थ नसतो. प्रोटीन आणि पाणी एवढंच नीट मोजलंत तरी प्रोजेक्ट भक्कम होतो.

आता आमचं काय झालं ते सांगतो, कारण तुमचंही तिथेच चुकायची शक्यता आहे. आम्ही कच्चा पांढरा भाग पाण्यात मिसळून गाळला, उकडलेला खलात वाटून पाण्यात ढवळून गाळला, आणि दोन्ही गाळलेल्या पाण्यात बाययुरेट (प्रोटीन असेल तर जांभळं होणारं निळं रसायन) टाकलं. कच्च्याची टेस्ट ट्यूब मस्त जांभळी झाली आणि उकडलेल्याची जवळजवळ निळीच राहिली. झालं, आम्ही वहीत लिहून मोकळे की उकडल्यावर प्रोटीन नष्ट होतं! मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, फिल्टर पेपरवर काय राहिलंय ते बघितलंत का? पेपरवर पांढरा चोथा होता, त्यावर बाययुरेटचे चार थेंब टाकले तर हळूहळू कडेपासून तो जांभळा होत गेला. सगळं प्रोटीन चोथ्यात बसलेलं आणि आम्ही पाणी मोजत होतो.

उष्णतेने प्रोटीनच्या घड्या उलगडतात आणि ते एकमेकांत गुंततं (पांढऱ्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन म्हणजे ओव्हाल्ब्युमिन, तेच मुख्यतः गोठतं), मग ते पाण्यात विरघळत नाही, पण ते कुठे जात नाही, तिथेच असतं. उलट पचायला उकडलेलंच चांगलं. १९९८ मध्ये माणसांवर झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन सुमारे ९१ टक्के पचलं आणि कच्च्याचं सुमारे ५१ टक्के. म्हणजे आमचा निष्कर्ष नुसता चुकीचा नव्हता, वाचणाऱ्याला अगदी उलटी समजूत देणारा होता.

म्हणून कच्चं असो की उकडलेलं, दोन्हीला एकच वागणूक द्या. १ ग्रॅम पांढरा भाग वजन करून घ्या, पिपेटने घेऊ नका, तो चिकट असतो आणि फेटताना फेस झाला की माप हमखास चुकतं. तो १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट करून पूर्ण विरघळवा आणि २० मिलि करा. उकडलेल्याला वेळ लागतो, आधी तुकडे काचेसारखे पारदर्शक होतात आणि मग विरघळतात, घाई करून उकळू नका आणि गॉगल घाला. पांढऱ्यात साधारण १० ते ११ टक्के प्रोटीन असतं, म्हणजे या द्रावणात दर मिलिला ५ मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि बाययुरेटला ते बरोबर झेपतं. १ मिलि द्रावण, ४ मिलि बाययुरेट, अर्धा तास थांबा, मग कलरीमीटरवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) ५४० नॅनोमीटरला रीडिंग. स्टँडर्डसाठी (तुलनेला घ्यायचं, प्रोटीन किती ते माहीत असलेलं द्रावण) अल्ब्युमिन वापरा, आणि स्टँडर्ड आणि ब्लँक (प्रोटीन नसलेलं द्रावण) दोन्ही त्याच सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बनवा, हे बरेच जण विसरतात. बलक यात घालू नका, त्यातल्या फॅटमुळे द्रावण गढूळ होतं आणि रीडिंग उगाच जास्त दिसतं. पूर्ण अंड्याचं हवं असेल तर केल्डालची पद्धत आहे, १८८३ पासून चालत आलेली, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणायचं, पण त्यात उकळतं तीव्र सल्फ्युरिक ॲसिड असतं, शिक्षक शेजारी उभे असतील तरच करा.

पाणी मोजायला सॅम्पल १०५ अंशाला ओव्हनमध्ये ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. यात एक गंमत होते, पांढरा भाग वाळला की पिवळसर काचेसारख्या पापड्या होतात, त्या तडकतात आणि डिशबाहेर उडतात आणि वजन कमी भरतं. डिशमध्ये आधी धुतलेली, वाळवलेली वाळू घालून त्यात सॅम्पल कालवा, मग पापडी धरत नाही. पांढऱ्यात ८८ टक्क्यांच्या आसपास आणि बलकात निम्मं पाणी यायला हवं. हे मोजणं का महत्त्वाचं, तर उकडल्यावर पाणी थोडं कमीजास्त होतं, म्हणून कच्च्या-उकडलेल्याची तुलना कोरड्या वजनावरच करा.

कॅल्शियमचं टायट्रेशन करायला छान वाटतं पण ते कवचाचं असतं, आणि कवच कोणी खात नाही. कवच जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम, आणि खायच्या भागात मात्र ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी. करायचंच तर वेगळं प्रकरण म्हणून लिहा. आतला पापुद्रा काढून अर्धा ग्रॅम पावडर, ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड २५ मिलि, फसफस थांबली की थोडं गरम करून कार्बन डायऑक्साइड घालवा आणि उरलेलं ॲसिड ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मोजा, ३० मिलिच्या आसपास लागेल.

फॅटचं मी टाळायलाच सांगेन. बलकातलं जवळपास एक तृतीयांश फॅट फॉस्फोलिपिड असतं, ते प्रोटीनला धरून बसतं आणि नुसत्या ईथरने पूर्ण निघत नाही, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल लागतं, आणि ते फ्यूम हूडशिवाय हाताळायचं नाही.

अजून एक, एकच कच्चं आणि एकच उकडलेलं अंडं घेऊ नका, दोन अंडी मुळातच सारखी नसतात. निदान सहा-सहा घ्या, प्रत्येकाचं वेगळं रीडिंग तीनदा घ्या, आणि सहा कच्च्यांमध्येच आपापसात किती फरक पडतो ते आधी लिहून काढा. उकडलेल्यांचा फरक त्याच्या आत बसत असेल तर उकडल्याने काही बदललं असं तुम्हाला म्हणता येणार नाही, आणि माझ्या मते प्रोटीनच्या बाबतीत तसंच निघेल.