देशोदेशी फिरणारा फुटबॉल कोच संघाला शिकवतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे की, निवृत्त फुटबॉलपटू कोच होऊन आज या देशात, उद्या त्या देशात जातो. भाषा परकी, खेळाडू अनोळखी, मग तो त्यांना शिकवतो तरी काय? मला याचं उत्तर बोरा मिलुटिनोविच या सर्बियन कोचच्या कारकिर्दीत सापडलं. माझ्या मते तो शिकवत कमी होता आणि निवडत जास्त होता.

बोराचा जन्म 1944 चा, सर्बियातल्या बायिना बाश्ता गावातला. थोरला भाऊ मिलोश युगोस्लाव्हियाकडून 1954 आणि 1958 चे विश्वचषक खेळला. बोरा मधल्या फळीत खेळायचा, बेलग्रेडच्या पार्टिझानकडून, पण देशाची जर्सी त्याला कधीच मिळाली नाही. मग तो स्वित्झर्लंड, फ्रान्स असं करत 1972 मध्ये मेक्सिकोच्या पुमास क्लबात पोचला. तिथेच खेळणं थांबवलं आणि तिथेच कोच झाला. म्हणजे दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत ड्रेसिंग रूममध्ये बसणं म्हणजे काय, हे त्याला कोच होण्याआधीच अंगवळणी पडलेलं होतं. कोचिंगच्या कोणत्याही कोर्सपेक्षा ही शिदोरी मोठी, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा हिशोब थक्क करणारा आहे. 1986 मेक्सिको, 1990 कोस्टा रिका, 1994 अमेरिका, 1998 नायजेरिया, 2002 चीन: सलग पाच विश्वचषक, पाच वेगळे देश. त्यातले पहिले चार संघ बाद फेरीत गेले. मेक्सिको तर उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीकडून पेनल्टी शूटआऊटवर हरला.

पण तुमच्या प्रश्नासाठी बघायचा तो कोस्टा रिकाच. या चिमुकल्या देशाचा तो पहिलाच विश्वचषक. स्पर्धेला जेमतेम तीन महिने उरले असताना बोराला बोलावलं. तीन महिन्यांत कोणाला नवा खेळ शिकवता येत नाही. मी गेली अनेक वर्षं रविवारी सकाळी मुलांचा सराव घेतो. साधा डाव्या पायाचा पास बसवायला अख्खा पावसाळा जातो. बोराने हाताशी होते त्यांतून त्याच्या योजनेत बसतील ते निवडले, बचाव घट्ट बांधला, मागे कोनेहोसारखा गोलरक्षक होताच. पहिल्याच सामन्यात जिनोआत कायासोच्या गोलवर स्कॉटलंडला हरवलं. ब्राझीलने त्यांच्यावर एकच गोल केला. शेवटी स्वीडनला 2-1 ने हरवून हा संघ बाद फेरीत. तिथे कोनेहो दुखापतीमुळे नव्हता, चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुह्रावीने तीन गोल मारले आणि 4-1 असा पराभव झाला. एका गोलरक्षकावर किती उभं होतं, ते त्या दिवशी कळलं.

अमेरिकेत परिस्थिती उलटी होती. वेळ भरपूर, पण देशात पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. त्यामुळे बरेच खेळाडू फेडरेशनच्या करारावर कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहोला राहून वर्षभर एकत्र सराव करायचे. 1990 मध्ये तिन्ही सामने हरलेल्या अमेरिकेने 1994 ला कोलंबियाला 2-1 ने हरवलं आणि पुढच्या फेरीत ब्राझीलशी फक्त एका गोलने हार पत्करली.

सगळीकडे मात्र ही रीत चालली नाही, हेही सांगायला हवं. नायजेरियाकडे ओकोचा, कानू, ओलिसे असे तयार हिरे होते. स्पेनला 3-2 ने हरवून त्यांनी गट जिंकला आणि मग डेन्मार्ककडून 4-1 असा मार खाल्ला. ज्यांना स्वतःची ताकद आधीच माहीत आहे अशा संघाला बोराकडून फार काही मिळालं, असं मला वाटत नाही. चीनला त्याने पहिल्यांदा विश्वचषकात नेलं. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान म्हणून थेट पात्र असल्याने पात्रता फेरीतली वाट थोडी मोकळी होती, तरी काम लहान नव्हतं. चीनच्या पुरुष संघाला त्यानंतर ते पुन्हा जमलेलं नाही. मुख्य स्पर्धेत मात्र तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य.

यातला पहिला पराभव कोस्टा रिकाकडूनच, 2-0. समोरच्या संघाचा कोच होता अलेक्झांद्रे गिमाराएस, बोराच्या 1990 च्या संघातला खेळाडू. हे नाव मुंबईकरांना ओळखीचं वाटेल. हाच गिमाराएस पुढे मुंबई सिटीचा कोच झाला आणि 2016 च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने संघाला साखळी फेरीत अव्वल ठेवलं. मुंबईच्या फोर्लानची हॅटट्रिक झाली त्या केरळविरुद्धच्या 5-0 च्या सामन्याला मी अंधेरीत होतो. तोही फिरता कोच: पनामा, चीन, भारत, कोलंबिया. कोणी काय शिकवलं याचा पुरावा मागाल तर मी गिमाराएसकडे बोट दाखवेन.

वेळ काढून 1990 च्या कोस्टा रिका-स्वीडन सामन्याची शेवटची वीस मिनिटं बघा. स्वीडन एका गोलने पुढे होतं. बोराने दुसऱ्या सत्रात मेडफर्डला बदली म्हणून उतरवलं होतं. फ्लोरेसने हेडरने बरोबरी साधली आणि दोनेक मिनिटं उरली असताना चेंडू घेऊन एकटा धावत सुटला तो हाच मेडफर्ड.