जुनी ई-क्लास घेऊ की नवी वॅगनआर?

तुम्ही विचारलंय की सात-आठ वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास घ्यावी की नवीकोरी वॅगनआर. रोजचा प्रवास पुण्यातल्या पेठांमधला असेल तर मी डोळे झाकून वॅगनआर म्हणेन.

आपल्याकडे चाकणला जुळवली जाणारी लांब ई-क्लास पाच मीटरांहून जास्त भरते, वॅगनआर ३.६५ मीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात समोरून टेम्पो आला, की पाच मीटर म्हणजे काय ते कळतं. मागे चार जण हॉर्न वाजवतायत, आरशाला कुणाची तरी स्कूटर चिकटलेली, आणि रिव्हर्स तुम्हालाच घ्यायचाय!

द्रुतगती मार्गावर मात्र गोष्टच वेगळी. ई-क्लासच्या मागच्या सीटवर माणूस लोणावळ्याच्या आधीच झोपतो. वॅगनआरमध्ये शंभरच्या पुढे वाऱ्याचा आवाज वाढतो आणि शेजारून ट्रक गेला की गाडी किंचित हलते. त्यात वाद नाही.

खरी गोम खर्चात आहे. गाडीची किंमत निम्म्याहून खाली येते, सुट्या भागांची येत नाही. माझ्या मित्राने अशीच एक जुनी आलिशान सेडान घेतली (कंपनी सांगत नाही). एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या दाबावर तोलणारी यंत्रणा) बिघडून बसलं, तेव्हा एस्टिमेट बघून तो आधी खाली बसला. वॅगनआर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही उघडतो.

तरीही हौस असेलच, तर सर्व्हिसची पूर्ण नोंद असलेलीच बघा आणि वर्षाचा देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवा.